वालेन्सियातील विद्यार्थिजीवन: कागद, काळ आणि पाणी

परदेशी शिक्षणासंबंधी मराठीत आढळणाऱ्या लेखनाचा मोठा भाग प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्ती, व्हिसा आणि खर्च यांच्या माहितीने व्यापलेला असतो आणि घर सोडण्यापूर्वी ही माहिती हाताशी असावी लागते यात शंका नाही. परंतु विमानातून उतरल्यानंतरच्या एक-दोन वर्षांत विद्यार्थ्याचे त्या शहराशी कोणते नाते जडते, हा प्रश्न त्यात सहसा बाजूला राहतो. विद्यार्थी म्हणजे ठरावीक मुदतीसाठी आलेला, शुल्क भरून शिकणारा आणि पदवी घेऊन निघून जाणारा पाहुणा, असे गृहीत धरले जाते आणि पुष्कळदा विद्यार्थीही स्वतःकडे त्याच दृष्टीने पाहू लागतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील वालेन्सिया शहरात राहून शिकणाऱ्या व काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा अनुभव पाहिला, तर हे गृहीतक टिकत नाही. त्या शहराचा कायदा, तेथील दिवसाचे वेळापत्रक, तेथील दोन भाषा आणि तेथील पाण्याचा इतिहास यांपैकी प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्याला रहिवासी म्हणून वागायला लावते, आणि तसे वागण्याची ज्याची तयारी असते त्यालाच तेथील शिक्षण पुरतेपणी लाभते, असे येथे मांडायचे आहे.

लोकसंख्येच्या दृष्टीने माद्रिद व बार्सिलोना यांच्या खालोखाल येणारे वालेन्सिया हे सुमारे ८ लाख वस्तीचे शहर आहे. इ. स. पूर्व १३८ मध्ये रोमनांनी ते वसवले, पुढे पाच शतके ते मुस्लिम राजवटीखाली होते आणि १२३८ मध्ये आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने ते जिंकले. भूमध्य समुद्राच्या काठचे शहर म्हणून त्याची ख्याती असली, तरी मूळ तटबंदीचे गाव समुद्रापासून तीन-चार किलोमीटर आत होते. त्याचे तोंड समुद्राकडे कमी आणि भोवतालच्या बागायतीकडे अधिक होते. कालव्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या या बागायत पट्ट्याला ‘उएर्ता’ म्हणतात. जुने गाव आणि समुद्र यांच्या मधल्या जागेत विसाव्या शतकात विद्यापीठांचे परिसर उभे राहिले. १४९९ मध्ये स्थापन झालेल्या वालेन्सिया विद्यापीठाच्या अनेक विद्याशाखा ब्लास्को इबान्येस या रुंद हमरस्त्यावर आणि तारोंजेर्स परिसरात आहेत, तर १९६८ मध्ये सुरू झालेल्या तंत्रविद्यापीठाचा परिसर त्यांच्या उत्तरेला, आल्बोराया गावाच्या शेतांना लागून आहे. येथून ट्राम थेट मालवारोसाच्या पुळणीकडे जाते, आणि वर्गाच्या खिडकीतून एका बाजूला उंच इमारती व दुसऱ्या बाजूला कांद्याचे आणि चुफाचे वाफे दिसतात. चुफा हे नागरमोथ्याच्या कुळातील एका वनस्पतीचे गोडसर कंद होत. ते भिजवून, वाटून व गाळून केलेले ‘ओर्चाता’ हे थंडगार पांढरे पेय या भागाची ओळख आहे.

या शहरात परदेशी विद्यार्थ्यांचे दोन वर्ग स्पष्टपणे दिसतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘इरास्मस’ या युरोपीय योजनेतून एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी येणारे युरोपीय संघातील विद्यार्थी हा पहिला वर्ग असून त्यांना स्पेनमध्ये राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणारे दुसऱ्या वर्गात मोडतात आणि भारतीय विद्यार्थी त्यांतले होत. दोघे एकाच बाकावर बसतात, एकाच स्वयंपाकघरात भाकरीचा तुकडा मोडतात, पण एकाचे राहणे कायद्याने गृहीत धरलेले असते आणि दुसऱ्याला ते सतत सिद्ध करावे लागते. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय भारतीय विद्यार्थ्याच्या पहिल्या काही महिन्यांतील चिंता समजत नाही.

कागदपत्रांचा प्रवास महाराष्ट्रातच सुरू होतो. पदवीच्या प्रमाणपत्रावर ‘अपोस्टिल’ घ्यावे लागते. हेग करारानुसार एका देशाचे सरकारी कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरले जावेत म्हणून लावलेला हा शिक्का असतो आणि भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे. त्यानंतर स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाची मान्यता असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर करून घ्यावे लागते. निर्वाहासाठी किमान किती पैसे हाती आहेत हे दाखवण्याचा निकष सरकारने ठरवलेल्या एका निर्देशांकाशी जोडलेला असून तो २०२३ पासून दरमहा ६०० युरो आहे, आणि उपचाराच्या वेळी रुग्णाला वेगळा वाटा उचलावा लागणार नाही असा आरोग्यविमाही बंधनकारक आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याने स्पेनमध्ये दाखल झाल्यापासून एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि त्या भेटीची वेळ आधी संगणकावर नोंदवावी लागते. मोठ्या शहरांत अशा वेळा उपलब्ध होताच संपतात. मग पहाटे उठून पडद्यासमोर बसणे, मित्रांनी एकमेकांना ‘आता बघ, तारखा उघडल्या’ असे कळवणे, हा विद्यार्थ्यांच्या जीवनक्रमाचाच भाग होतो.

या प्रक्रियेत मराठी विद्यार्थ्यासमोर एक विशिष्ट अडचण उभी राहते आणि ती नावाच्या रचनेतून येते. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो व पासपोर्टमध्ये पहिली दोन नावे बहुधा एकाच रकान्यात छापलेली असतात. स्पॅनिश अर्जात मात्र नावानंतर दोन आडनावांचे दोन स्वतंत्र रकाने असतात, कारण तेथे प्रत्येक व्यक्ती वडिलांकडील एक आणि आईकडील एक अशी दोन आडनावे लावते आणि विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. दुसरा रकाना रिकामा ठेवणारा अर्जदार कारकुनाला अपुरा वाटतो, म्हणून कोठे वडिलांचे नाव पहिले आडनाव म्हणून नोंदले जाते, कोठे खरे आडनाव दुसऱ्या रकान्यात जाते, आणि काही आठवड्यांनी लक्षात येते की विद्यापीठाच्या यादीत, बँकेच्या खात्यावर आणि ओळखपत्रावर तीन वेगवेगळ्या व्यक्ती वावरत आहेत. हा घोळ निस्तरताना विद्यार्थ्याला एका समाजाची कुटुंबाविषयीची कल्पना अगदी जवळून पाहायला मिळते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी घालणे बंधनकारक केले. त्या निर्णयाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी अशा विद्यार्थ्याला आपोआप मिळते.

या सर्व कागदांमध्ये सर्वांत साधा दिसणारा कागद अर्थाने सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीतील, ‘पाद्रोन’मधील, नोंदीचा दाखला. स्पेनच्या १९८५ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्यानुसार देशात राहणाऱ्या प्रत्येकाने आपण नेहमी राहतो त्या गावच्या नोंदवहीत नाव घालणे बंधनकारक आहे आणि अशी नोंद असलेली व्यक्ती त्या गावची रहिवासी ठरते. राष्ट्रीयत्व कोणते, व्हिसाची मुदत किती, हे प्रश्न या नोंदीच्या आड येत नाहीत. भाडेकरार किंवा घरमालकाचे संमतिपत्र दाखवले की नाव लागते. ओळखपत्र, बससवलत, ग्रंथालय, आरोग्यकेंद्र अशा अनेक ठिकाणी हा दाखला मागितला जातो, म्हणून बहुतेक विद्यार्थी त्याकडे आणखी एक अट म्हणूनच पाहतात. वस्तुतः राज्यसंस्था विद्यार्थ्याला ‘किती दिवस?’ असे विचारत असताना शहर मात्र ‘कोणत्या घरात?’ एवढेच विचारते आणि उत्तर मिळताच त्याला आपल्या माणसांत मोजते, ही गोष्ट साधी नाही. मोजले गेल्यावर हक्क येतात तशी जबाबदारीही येते, आणि ती प्रथम घराच्या प्रश्नात जाणवते.

विद्यार्थ्यांचे निवासस्थान म्हणजे बहुधा तीन-चार जणांनी वाटून घेतलेले घर असते. प्रत्येकाची खोली स्वतंत्र आणि स्वयंपाकघर व स्नानगृह सामाईक असते. बेनिमाक्लेत हे पूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव आणि समुद्राकाठची काबान्याल ही जुनी कोळी वस्ती या दोन भागांत विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या या घरांत जमीन फरशीची, भिंती पातळ आणि खिडक्यांवर बाहेरून ओढायच्या पट्ट्यांच्या झडपा असतात. जानेवारीत बाहेर चौदा-पंधरा अंश तापमान आणि स्वच्छ ऊन असताना आतल्या खोलीत दमट गारठा हाडांत शिरतो, कारण मध्यवर्ती उष्णतेची सोय जुन्या घरांत क्वचितच आढळते. पाणी तापवण्यासाठी साडेबारा किलोचा नारिंगी गॅस सिलिंडर लागतो. तो मागवायचा कोणी, पैसे कोणी द्यायचे आणि जिना चढवून आणायचा कोणी, यावर घरातील लोकशाहीची खरी कसोटी लागते. इटलीची, मोरोक्कोची, कोलंबियाची आणि कोल्हापूरची माणसे एका सिलिंडरच्या हिशेबाने एकमेकांना जितकी ओळखू लागतात तितकी विद्यापीठाच्या स्वागत समारंभात ओळखू शकत नाहीत.

काबान्याल या वस्तीचा इतिहास तेथे भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे. १८३७ ते १८९७ या काळात ते स्वतंत्र गाव होते. रंगीत फरशा लावलेल्या दर्शनी भिंती आणि समुद्राला समांतर धावणाऱ्या अरुंद गल्ल्या हे तेथील कोळ्यांनी व कारागिरांनी घडवलेले रूप आहे, आणि १९९३ मध्ये त्याला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण मिळाले. तरीही ब्लास्को इबान्येस हमरस्ता थेट समुद्रापर्यंत वाढवण्याच्या योजनेत या वस्तीतील दीड हजाराहून अधिक घरे पाडली जाणार होती. रहिवाशांनी १९९८ पासून संघटितपणे विरोध केला, २००९ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने काम थांबवले आणि २०१५ नंतर ती योजना मागे पडली. म्हणून आज हा रस्ता वस्तीच्या उंबरठ्याशी येऊन संपतो. विद्याशाखेतून समुद्राकडे निघालेल्या विद्यार्थ्याला तेथे वळावे लागते, आणि हे वळण सामान्य माणसांच्या चिकाटीमुळे पडले आहे. परंतु बुलडोझरपासून वाचलेली ही वस्ती आता भाडेवाढीच्या तडाख्यात सापडली आहे. पर्यटकांना दिवसांच्या हिशेबाने दिलेली घरे आणि खोलीनिहाय भाड्याने विद्यार्थ्यांना दिलेली घरे यांमुळे जुन्या कुटुंबांना तेथे राहणे परवडेनासे झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात घरभाड्याच्या प्रश्नावर मोठा मोर्चाही निघाला. परदेशी विद्यार्थी या प्रश्नात एकाच वेळी पीडितही असतो आणि कारणही. चढे भाडे त्याला जड जाते, पण ते देणारे अनेक जण असल्यामुळेच ते चढत राहते. या दुहेरी भूमिकेची जाणीव ठेवणे, घराच्या शांततेचे नियम पाळणे, वस्तीतील दुकानांतून सामान घेणे आणि शेजारच्या वृद्धांना नावाने ओळखणे यांनी भाडी उतरत नाहीत हे खरे, तथापि घराकडे पलंगांची संख्या म्हणून न पाहण्याची शिस्त त्यातून लागते.

काळाचे वेळापत्रक ही दुसरी मोठी शिकवण होय. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोननंतर व रात्रीचे नऊनंतर होते, लहान दुकाने दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि ऑगस्टमध्ये निम्मे शहर सुट्टीवर गेलेले असते. बाहेरून आलेला माणूस याला आळस म्हणून मोकळा होतो. तथापि भूगोल वेगळेच सांगतो. वालेन्सिया ग्रीनिचच्या रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेला आहे, परंतु १९४० मध्ये स्पेनने घड्याळे एक तास पुढे सरकवून मध्य युरोपची वेळ स्वीकारली आणि उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. परिणामी उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा तेथील घड्याळात दोन वाजलेले असतात. म्हणजे दोन वाजता जेवणारा वालेन्सियन माणूस सूर्याच्या हिशेबाने बरोबर माध्यान्हीला जेवत असतो. हे एकदा उमगले की प्रयोगशाळेतील सहकारी संध्याकाळी सात वाजताही उत्साहाने चर्चा का करतात आणि जूनमध्ये साडेनऊला मावळणाऱ्या उजेडात लहान मुले चौकात का खेळतात, याचा उलगडा होतो, आणि विद्यार्थी स्वतःच्या भुकेचे व झोपेचे वेळापत्रक न कुरकुरता बदलू लागतो.

अभ्यासक्रमाची रचनाही वेळेच्याच मापाने केलेली आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. त्यात तासिकांबरोबर घरचे वाचन, गटकार्य व लेखन हे सर्व येते. गुण शून्य ते दहा या मापावर दिले जातात, पाचला उत्तीर्ण आणि नऊपासून सर्वोच्च श्रेणी मिळते. वर्षभराच्या परिश्रमांचा निकाल एका परीक्षेवर सोपवण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला दर आठवड्याला थोडेथोडे मोजले जाणे प्रथम जाचक वाटते. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवलेल्या तासांना बहुतांश भारतीय विद्यार्थी आरंभी जात नाहीत, कारण शिक्षकांच्या दारावर थाप मारणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. तेथे मात्र न येणाऱ्या विद्यार्थ्याला रस नाही असा समज होतो. प्राध्यापकांना पहिल्या नावाने आणि एकेरीत संबोधण्याची रीत अंगवळणी पडायला ‘सर’ व ‘मॅडम’ म्हणत वाढलेल्या पिढीला काही महिने लागतात, आणि आदर संबोधनाबाहेरही राहू शकतो हे पटायला त्याहून अधिक.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन मार्गांनी मिळतो. २०२२ च्या सुधारणेनंतर उच्च शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अभ्यास सांभाळून आठवड्याला ३० तासांपर्यंत नोकरी करता येते, आणि अनेक जण उपाहारगृहांत किंवा शिकवण्यांत ते तास भरतात. दुसरा मार्ग ‘प्राक्तिकास’चा, म्हणजे विद्यापीठ, आस्थापना आणि विद्यार्थी यांच्यातील त्रिपक्षीय करारानुसार करायच्या उमेदवारीचा. १ जानेवारी २०२४ पासून अशा उमेदवारांची, त्यांना विद्यावेतन मिळो वा न मिळो, सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत नोंद करणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे प्रबंधासाठी एखाद्या संस्थेत चार-सहा महिने काम करणारा मराठी विद्यार्थीही त्या देशाच्या श्रमिकांच्या गणनेत येतो.

या कामाच्या ठिकाणी शहराशी खरी ओळख होते ती सकाळी साडेदहाच्या सुमारास. न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या या खाण्याला वालेन्सियन भाषेत ‘एस्मोर्सारेत’ म्हणतात आणि ते उरकण्याचा विषय नसून बसण्याचा विषय आहे. जवळच्या बारमध्ये लांब टेबलाभोवती विभागप्रमुख, तंत्रज्ञ, शिपाई आणि उमेदवार एकत्र बसतात. मध्ये आंबवलेल्या ऑलिव्हची बशी व सालासकट भाजलेल्या शेंगांची बशी येते आणि शेंगांची टरफले टेबलावरच साचत जातात. मग वीतभर लांब, कडक कवचाच्या पावात भरलेले खाणे येते. मांस न खाणाऱ्यासाठी बटाट्याचे जाड आम्लेट किंवा तळलेल्या वांग्याचे काप असलेला पाव सहज मिळतो, आणि अंडेही न खाणाऱ्याला पहिल्या दिवशी ते स्पष्टपणे सांगावे लागते, कारण तेथे अंड्याला शाकाहाराबाहेरचे मानत नाहीत. शेवटी ‘क्रेमाएत’ नावाची कॉफी येते. साखर, दालचिनी, लिंबाची साल यांसह रम पेटवून, तिची ज्योत विझल्यावर वरून कडक कॉफी ओतून ती केली जाते. न पिणाऱ्याला साधी कॉफी मिळते आणि त्याबद्दल कोणी विचारीत नाही. या अर्ध्या-पाऊण तासात कामाविषयी थोडे आणि घरभाडे, फुटबॉल, आईचे आजारपण, पाऊस यांविषयी पुष्कळ बोलले जाते. ज्याला सभागृहात प्रश्न विचारायला संकोच वाटतो तो उमेदवार येथे प्रथम तोंड उघडतो, आणि येथेच त्याला कळते की प्रयोगशाळेतील कोणते यंत्र कोणाला विचारून चालवायचे. डेस्कवर डबा उघडून एकट्याने खाणाऱ्या विद्यार्थ्याचे काम अडत नसले, तरी तो संस्थेत बाहेरचाच राहतो.

भाषेचा प्रश्न या शहरात दुहेरी आहे. १९८२ च्या स्वायत्तता संहितेनुसार या प्रदेशात स्पॅनिश आणि वालेन्सियन अशा दोन राजभाषा आहेत. विद्यापीठातील प्रत्येक वर्गगटाची अध्यापनभाषा ठरलेली असते आणि ती स्पॅनिश, वालेन्सियन किंवा इंग्रजी असू शकते. नोंदणी करताना हे न पाहणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी अनपेक्षित भाषेच्या वर्गात जाऊन बसतो. वालेन्सियन ही कातालान भाषेचेच स्थानिक रूप असल्याचे भाषाशास्त्र मानते आणि प्रदेशाच्या भाषा अकादमीनेही २००५ मध्ये तसे नमूद केले, तरी तिच्या नावाचा व वेगळेपणाचा प्रश्न राजकारणात आजही तापतो. कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली हा वाद पाहिलेल्या गोव्यातील विद्यार्थ्याला हा ताण इतर परदेशी विद्यार्थ्यांच्या आधी कळतो आणि अशा विषयात ऐकणाऱ्याची भूमिका घेणे शहाणपणाचे असते हेही तो जाणून असतो. स्पॅनिशवर सर्व व्यवहार भागतो. तरीही सकाळी दुकानात शिरताना वालेन्सियनमध्ये नमस्कार करणाऱ्या परक्या मुलीशी दुकानदाराचा आवाज बदलतो, कारण आपली लहान भाषा कोणीतरी आवर्जून शिकले याचे मोल लहान भाषेच्या माणसाला चटकन कळते.

कागद, काळ आणि भाषा यांच्या तळाशी पाणी आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया नदीला आलेल्या पुरात किमान ८१ माणसे मेली आणि शहराचा मोठा भाग चिखलात गाडला गेला. त्यानंतर सरकारने नदीच शहराबाहेर नेण्याचा निर्णय घेतला व दक्षिणेकडून सुमारे बारा किलोमीटर लांबीचे नवे रुंद पात्र खणले. जुन्या कोरड्या पात्रातून द्रुतगती मार्ग काढण्याचा बेत होता. नागरिकांनी तेथे हिरवळ हवी असा आग्रह धरला आणि १९८० च्या दशकापासून तेथे उद्यान आकाराला आले. आज विद्यार्थी जुन्या दगडी पुलांच्या खालून सायकलने विद्यापीठात जातात तो रस्ता म्हणजे नदीचा तळ होय. याच नदीच्या पाण्याचे वाटप करणारे जलन्यायालय दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या प्रेषितद्वारापाशी भरते. आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी तेथे न्यायाधीश म्हणून बसतात, तक्रार व उत्तर तोंडी होते, वकील नसतो आणि निवाडा अंतिम असतो. २००९ मध्ये युनेस्कोने या संस्थेची अमूर्त वारशात नोंद केली. पर्यटक ती पाच मिनिटे पाहून पुढे जातात. पाणीवाटपाचे तंटे गावोगाव पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्याने मात्र तेथे थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी या इतिहासाचा अर्थ सर्वांना नव्याने कळला. उंच हवेत मुख्य प्रवाहापासून तुटलेला थंड हवेचा झोत उबदार भूमध्य समुद्रावर येऊन थांबला की अतिवृष्टी होते. या स्थितीला हवामानशास्त्रात ‘दाना’ म्हणतात आणि लोक तिला पूर्वीपासून ‘गोता फ्रीया’, म्हणजे थंड थेंब, या नावाने ओळखतात. त्या दिवशी तुरीस या गावी ७७१ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, त्यापैकी १८४.६ मिलिमीटर एका तासात. वालेन्सिया शहरात वर्षभरात सरासरी साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि कोकणातल्या माणसाला मुसळधार पावसाचे भय नसते. परंतु नेमके हेच ज्ञान तेथे अपुरे पडणारे होते. पायपोर्ता, कातारोहा, आल्फाफार या सखल गावांत त्या संध्याकाळी फारसा पाऊस पडतच नव्हता. पाणी वरच्या डोंगरांतून पोयो नावाच्या, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून अचानक आले. मोबाइलवर धोक्याचा इशारा वाजला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि रस्त्यांत पाणी चढलेले होते. तळमजल्यांवरील घरांत आणि भूमिगत वाहनतळांत अनेक जण बुडाले. प्रांतात २२० हून अधिक माणसे मरण पावली. आकाशाकडे पाहून पुराचा अंदाज बांधणाऱ्या परदेशी माणसाला या प्रदेशात ओढ्यांचा नकाशा ठाऊक असावा लागतो. वालेन्सिया विद्यापीठाने त्या दिवशी हवामानखात्याच्या सूचनेनुसार आधीच वर्ग स्थगित ठेवले होते. ऊन पडलेले असताना मिळालेली सुट्टी प्रथम अनाकलनीय वाटावी आणि संध्याकाळी तिच्यामुळे किती जण रस्त्यावर नव्हते हे कळावे, असा तो दिवस होता.

नव्या पात्रामुळे शहराचा मोठा भाग वाचला, त्या पात्राच्या पलीकडची वस्ती मात्र उद्ध्वस्त झाली. पुढच्या काही दिवसांत शहरातून हजारो माणसे खराटे, फावडी, बादल्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन नव्या पात्रावरील पादचारी पुलावरून पलीकडच्या ला तोरे या वस्तीकडे आणि तेथून पुढच्या गावांकडे चालत गेली, आणि तो पूल पुढे एकजुटीचा पूल म्हणून ओळखला जाऊ लागला. या गर्दीत तरुणांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे होते आणि त्यांत परदेशी विद्यार्थीही होते. घराघरांतून भिजलेल्या गाद्या, फुगलेली पुस्तके आणि मोडलेली कपाटे बाहेर काढायची, घोट्यापर्यंतचा चिखल दारापासून गटारापर्यंत खराट्याने लोटायचा आणि तो लोटून होतो न होतो तोच शेजारच्या दारातून पुन्हा वाहून आलेला पाहायचा, असे ते काम होते. तेथे कोणाचे व्याकरण कोणी तपासत नव्हते आणि व्हिसाची मुदत कोणी विचारीत नव्हते. नगरपालिकेच्या वहीत नाव असणे आणि त्या गावचा असणे यांत जे अंतर उरते, ते अशा श्रमांनी भरून निघते.

या सर्व अनुभवातून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना पाठवणाऱ्या संस्थांसाठी काही निष्कर्ष निघतात. भाषेच्या शिकवणीत उपाहारगृहातील संभाषणापेक्षा भाडेकरार, नगरपालिकेचा अर्ज, दवाखान्यातील तक्रार आणि आपत्तीचा इशारा यांची भाषा आधी शिकवली गेली पाहिजे. विद्यापीठाची क्रमवारी पाहणाऱ्या पालकांनी ते शहर पाणी, ऊन आणि घरे यांच्या कोणत्या प्रश्नांशी झुंजत आहे हेही विचारले पाहिजे. विद्यार्थ्यांनी आपल्याच देशबांधवांच्या घोळक्यातून मिळणारा आधार अवश्य घ्यावा, पण कामाच्या ठिकाणच्या सकाळच्या टेबलाकडे पाठ फिरवू नये.

या अनुभवाची खरी परीक्षा परतल्यानंतर होते. पुण्यात अनेक दशके आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी शिकायला येत आहेत. परदेशी विद्यार्थ्यांच्या एकाकीपणाची दखल घेऊनच डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये तेथे ‘सिंबायोसिस’ ही संस्था उभी केली. तरीही काळ्या वर्णाच्या किंवा वेगळे खाणाऱ्या विद्यार्थ्याला खोली नाकारणारे घरमालक आजही आढळतात, आणि त्या विद्यार्थ्याकडे पाहुणा, गिऱ्हाईक किंवा संशयित यांपलीकडे पाहण्याची सवय समाजाला लागलेली नाही. परक्या शहराने ज्याला एका कागदाच्या आधारे आपल्या रहिवाशांत मोजले, शेंगांच्या बशीसमोर जागा दिली आणि संकटाच्या दिवशी ज्याच्या हातचा खराटा स्वीकारला, त्या मराठी विद्यार्थ्यावर आपल्या इमारतीतील सुदानी किंवा नेपाळी भाडेकरूसाठी सोसायटीच्या सभेत उभे राहून बोलण्याचे कर्तव्य येते. परदेशी शिक्षणावर खर्च होणाऱ्या लाखो रुपयांचा सामाजिक परतावा मोजायचा असेल, तर तो या एका कसोटीवर मोजला जावा.